मत कुणाचे, छप्पर कुणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. इंग्लंडच्या पूर्व भागात नॉर्फोक नावाची काउंटी आहे. तिच्या दक्षिण टोकाला, डिस या बाजारपेठेच्या गावाजवळ, बर्स्टन नावाचे एक लहान खेडे आहे. त्या खेड्यात १९१३ साली ग्रामपरिषदेची निवडणूक झाली. त्या निवडणुकीने कोणतेही मंत्रिमंडळ कोसळले नाही, लंडनच्या वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली नाही. तरीही मतदान म्हणजे काय, सत्ता म्हणजे काय, आणि या दोहोंमध्ये किती अंतर असते, हे समजून घ्यायचे असेल तर पुष्कळ जाड ग्रंथांपेक्षा ही एक निवडणूक अधिक शिकवते, असे माझे मत आहे.

आपण इंग्लंडकडे पाहतो ते वेस्टमिन्स्टरच्या खिडकीतून. पार्लमेंट, मंत्रिमंडळ, विरोधी पक्षनेता, कॉमन्समधील वादविवाद हे सारे आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. इंग्लंडच्या खेड्यातल्या शेतमजुराला मत केव्हा मिळाले, ते त्याने कोणासमोर दिले, आणि दिल्यानंतर त्याच्या घराचे काय झाले, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलेले नाही. ते आज पाहू.

खेड्यातील तीन थर

प्रथम एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. इंग्लंडच्या संदर्भात आपण ‘शेतकरी’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर दोन-चार एकरांचा धनी उभा राहतो. तसा शेतकरी तेथे फारसा उरलेला नव्हता. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत कुंपणे घालून सामाईक जमिनी खाजगी करण्यात आल्या, आणि त्यानंतर इंग्रजी खेडे तीन थरांत विभागले गेले. वर जमीनदार, त्याच्याकडून शेकडो एकर खंडाने घेऊन मजूर लावून शेती करणारा भांडवलदार शेतकरी मधे, आणि तळाशी, स्वतःची वितभरही जमीन नसलेला शेतमजूर. या तिघांच्या बाजूला, खरे म्हणजे पहिल्या दोघांच्या पंक्तीला, रेक्टर बसे. रेक्टर म्हणजे गावच्या अधिकृत चर्चचा धर्मोपदेशक. त्याला वेतन असे, प्रशस्त घर असे, आणि चर्चच्या मालकीची जमीन असे. आपल्याकडील देवस्थान इनामासारखीच ती जमीन. ती तो गावातल्या गरिबांना तुकड्यातुकड्यांनी खंडाने देई.

गावचा कारभार १८९४ पर्यंत चर्चच्या सभेत चाले. तिचे अध्यक्षपद रेक्टरकडे, आणि तिच्यात कर भरणाऱ्या बड्यांचे प्राबल्य. गरिबांसाठी ठेवलेल्या धर्मादाय निधीचा हिशेब तीच मंडळी ठेवत. मजुराने सभेला जाऊ नये असा नियम नव्हता. नियमाची आवश्यकताच नव्हती, कारण सभा भरे त्या वेळी मजूर शेतावर राबत असे.

शेतमजुराला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत मिळाले ते १८८४ च्या सुधारणेने. त्याआधी बारा वर्षे, १८७२ मध्ये, वॉरिकशायरमधील जोसेफ आर्च या मजुराने शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभारली होती. १८८५ मध्ये आर्च नॉर्फोकच्याच एका मतदारसंघातून पार्लमेंटमध्ये निवडून गेले. म्हणजे स्थिती मोठी विलक्षण होती. साम्राज्याचे कायदे करणारा प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मजुराला मिळाला, पण स्वतःच्या गावच्या विहिरीबद्दल, पायवाटेबद्दल आणि दफनभूमीबद्दल चार शब्द बोलण्याचा अधिकार मिळायला त्यानंतर आणखी दहा वर्षे जावी लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव हिंदुस्थानात १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा १८८४ मध्ये आला. त्या बोर्डांतील मताधिकार अत्यंत संकुचित होता आणि त्यांच्यावर कलेक्टरची छाया होती, हे खरेच आहे. पण ‘तुम्हांला स्वराज्याचे धडे घ्यायचे आहेत’ असे आपल्याला बजावणाऱ्या इंग्लंडच्या स्वतःच्या खेड्यांत त्या वेळी निवडून आलेली ग्रामपरिषद अस्तित्वातच नव्हती, ही गोष्ट इतिहास शिकवताना सहसा सांगितली जात नाही.

१८९४ चा कायदा

ती उणीव १८९४ च्या लोकल गव्हर्न्मेंट अ‍ॅक्टने भरून काढली. लिबरल सरकारने हा कायदा केला. हुजूर पक्षाचे नेते लॉर्ड सॅलिस्बरी यांनी ग्रामपरिषदांच्या कल्पनेची टर उडवताना, खेडुतांना रमवायचेच असेल तर त्यापेक्षा सर्कस बरी, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे प्रसिद्ध आहे. कायदा झाला, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात पहिल्या निवडणुका झाल्या. सात हजारांच्या आसपास ग्रामपरिषदा जन्माला आल्या. तीनशे किंवा अधिक लोकवस्तीच्या प्रत्येक ग्रामीण पॅरिशला परिषद मिळाली. त्यांच्यावर ग्रामीण जिल्हा परिषदा आल्या.

या कायद्याच्या काही तरतुदी बारकाईने पाहण्याजोग्या आहेत, कारण त्या करणाऱ्यांना खेड्याची नाडी ठाऊक होती. पॅरिशची सभा संध्याकाळी सहाच्या आत सुरू करता येणार नाही, असे कायद्याने ठरवले. मजूर शेतावरून परत यावा म्हणून. गावात दुसरी जागा मिळत असेल तर सभा दारूच्या गुत्त्यात भरवायची नाही, आणि शाळेची खोली सभेसाठी विनामूल्य मिळाली पाहिजे, असेही ठरवले. उमेदवाराला मालमत्तेची अट नव्हती; गावात वर्षभर वास्तव्य पुरेसे होते. विवाहित स्त्रियांनाही मत देण्याचा आणि उभे राहण्याचा अधिकार मिळाला. पार्लमेंटच्या निवडणुकीत मत मिळवण्यासाठी इंग्लंडमधील स्त्रीला १९१८ पर्यंत वाट पाहावी लागली, हे लक्षात घेतले म्हणजे या तरतुदीचे महत्त्व कळते.

परिषदेचे अधिकार काय होते? पायवाटांवर देखरेख, दफनभूमी, दिवाबत्ती, काही धर्मादाय निधींच्या कारभारात वाटा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मजुरांना भाजीपाला पिकवण्यासाठी जमिनीचे छोटे तुकडे मिळवून देणे. जमीनमालक राजी नसेल तर सक्तीने खंडाने जमीन घेण्याचा मार्गही कायद्यात होता. आठवड्याची मजुरी पोटाला अपुरी पडते तेव्हा बटाट्याचा एक वाफा म्हणजे हिवाळ्यातले अन्न, हे मजुराच्या बायकोला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पैशाच्या बाबतीत मात्र कायद्याचा हात आखडता होता. करपात्र मूल्याच्या प्रत्येक पौंडामागे तीन पेन्स एवढाच कर परिषदेला स्वतःच्या अधिकारात खर्च करता येई. पॅरिश सभेच्या संमतीने फार तर सहा. यापेक्षा मोठी त्रुटी मतदानाच्या पद्धतीत होती. पार्लमेंटच्या निवडणुकीत गुप्त मतदान १८७२ मध्येच आले होते. ग्रामपरिषदेची निवडणूक मात्र सभेत हात वर करून व्हायची. कोणी मागणी केली तर नंतर चिठ्ठ्यांचे मतदान घेता येई, पण त्याचा खर्च गावावर पडे, आणि मागणी करणारा कोण हे तर सर्वांना दिसतच असे.

आता ते दृश्य आपण मनासमोर आणा. शाळेची खोली. पुढच्या बाकांवर मोठा शेतकरी, त्याचा मुकादम, रेक्टर. मागे मजूर. नाव पुकारले जाते, हात वर करायचा. ज्याच्या विरोधात हात वर करायचा तो समोरच बसलेला आहे, उद्या सकाळी काम त्यानेच द्यायचे आहे. आणि ज्या घरात बायकामुले निजली आहेत, ते घरही पुष्कळदा त्याचेच आहे.

चाकरीचे घर

या घराबद्दल दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत, कारण सगळ्या प्रश्नाची मेख तेथे आहे. इंग्रजी खेड्यातील पुष्कळ शेतमजूर नोकरीला बांधलेल्या घरात राहत. नोकरी आहे तोवर घर. नोकरी सुटली की घरही सुटले. त्याला आपण चाकरीचे घर म्हणू. मालकाला मजुरावर हात उगारण्याचे कारण नव्हते, त्याच्या मतपत्रिकेत डोकावण्याचेही कारण नव्हते. शनिवारी नोटीस दिली की सामान रस्त्यावर येई. शेजारच्या गावात काम मागायला जावे, तर तेथल्या शेतकऱ्याच्या कानावर बातमी आधीच गेलेली असे.

मताचा अधिकार कागदावर सर्वांना सारखाच असतो. परंतु ज्याचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याचे मत त्या छपराइतकेच पक्के असते. १८९४ नंतरच्या पहिल्या उत्साहात अनेक ठिकाणी मजूर निवडून आले, आणि पुढल्या काही वर्षांत पुष्कळ गावांत जुनीच मंडळी पुन्हा खुर्च्यांवर येऊन बसली, त्याचे कारण मजुरांच्या आळसात किंवा अज्ञानात शोधण्याची गरज नाही. त्यांना संघटनेचा आधार नव्हता. आर्च यांची संघटना तोवर मोडकळीस आली होती.

नॉर्फोकमधील जागृती

तो आधार नॉर्फोकमध्ये पुन्हा उभा राहिला तो १९०६ मध्ये. जॉर्ज एडवर्ड्‌स यांनी नॉर्थ वॉल्शॅम येथे पूर्वेकडील काउंट्यांच्या शेतमजुरांची संघटना स्थापन केली. एडवर्ड्‌स यांचे बालपण दारिद्र्यात गेले. काही काळ त्यांना अनाथालयवजा श्रमगृहात काढावा लागला. शेतावरचे कावळे हाकण्याचे काम त्यांनी लहान वयात केले. शाळा त्यांना मिळाली नाही. वाचायला शिकवले ते पत्नीने, लग्नानंतर. पुढे १९२० मध्ये ते पार्लमेंटवर निवडून गेले. नॉर्फोकमधील मजूर चळवळीचे बरेचसे कार्यकर्ते त्यांच्यासारखेच प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट पंथाचे प्रवचनकार होते. अधिकृत चर्चमध्ये मजुराने मागच्या बाकावर बसायचे आणि ऐकून घ्यायचे. पंथाच्या साध्या मंदिरात मात्र तोच मजूर उभा राहून बोले, सभा चालवी, हिशेब ठेवी. भाषण करण्याची आणि इतिवृत्त लिहिण्याची सवय त्याला तेथे लागली. आपल्याकडील वारकरी फडांनी आणि सत्यशोधक जलशांनी जे केले त्याच्याशी याचे नाते आपल्याला सहज जाणवेल.

याच काळात टॉम हिग्डन आणि अ‍ॅनी हिग्डन हे शिक्षक दांपत्य नॉर्फोकमध्ये आले. टॉम हे सॉमरसेटमधील शेतमजुराचे पुत्र. १९०२ पासून दोघे वुड डॅलिंग या गावच्या शाळेत होते. अ‍ॅनी मुख्याध्यापिका, टॉम साहाय्यक. शाळेची इमारत ओल धरलेली, आणि शेतीचा हंगाम आला की शेतकरी मुलांना वर्गातून उठवून कामाला नेत. या दोन्ही गोष्टींविरुद्ध हिग्डन दांपत्य तक्रारी करू लागले. मुलांना कामाला नेणारे शेतकरी हेच शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर होते, तेव्हा त्या तक्रारींचे काय होत असेल ते निराळे सांगावयास नको. टॉम सुट्टीच्या दिवशी सायकलवरून गावोगाव फिरून मजुरांच्या संघटनेच्या शाखा काढत. वुड डॅलिंगच्या ग्रामपरिषदेत मजूर निवडून आले, आणि संघर्ष विकोपाला गेला. अखेरीस काउंटीच्या शिक्षण समितीने दोघांची १९११ मध्ये बर्स्टनला बदली केली. गाव बदलले म्हणजे शिक्षक बदलेल, असा समितीचा हिशेब असावा.

१९१३ ची निवडणूक

बर्स्टनला त्याच वर्षी नवे रेक्टर आले होते, रेव्हरंड चार्ल्स टकर ईलँड. त्यांचे वार्षिक उत्पन्न ५८१ पौंड होते. शिवाय राहण्यास रेक्टरी आणि चर्चची जमीन. नॉर्फोकमधील शेतमजुराची मजुरी त्या वेळी आठवड्याला तेरा शिलिंगांच्या आसपास होती, म्हणजे वर्षाला सुमारे चौतीस पौंड. रेक्टर हे मजुराच्या सतरापट मिळवत होते. शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षही तेच झाले.

हिग्डन यांनी येथेही मजुरांची संघटना बांधली. मार्च १९१३ मध्ये ग्रामपरिषदेची त्रैवार्षिक निवडणूक आली. मजुरांनी आपले उमेदवार उभे केले. निकाल लागला तेव्हा टॉम हिग्डन सर्वाधिक मतांनी निवडून आले होते. रेक्टरसाहेब यादीच्या तळाशी होते. जुन्या परिषदेतील बहुतेक शेतकऱ्यांच्या जागी मजूर आले.

हा विजय लहान नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यासमोर टोपी काढायची, त्यांच्याविरुद्ध या माणसांनी उघडपणे एकजूट केली होती. एकट्याने हात वर करणारा मजूर घर गमावतो. सगळे हात एकदम वर गेले तर कोणाकोणाला घराबाहेर काढणार? संघटनेचे हे साधे गणित बर्स्टनच्या मजुरांना उमगले होते.

परंतु याच ठिकाणी आपण थांबून विचार केला पाहिजे. विजय कशावर मिळाला? ग्रामपरिषदेवर. आणि ग्रामपरिषदेच्या हाती काय होते, हे आपण पाहिले: पायवाटा, दफनभूमी, तीन पेन्सांचा कर. शाळा त्यांच्या हाती आली होती काय? १९०२ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे काउंटीच्या शाळेच्या व्यवस्थापक मंडळात काउंटी परिषद चारपर्यंत सभासद नेमी, आणि ग्रामपरिषदेला फार तर दोन नेमता येत. म्हणजे गाव एकमुखाने उभे राहिले तरी शाळेच्या मंडळावर ते अल्पमतातच राहायचे. चर्चची जमीन रेक्टरच्या हाती, घरे शेतकऱ्यांच्या हाती, शिक्षण समिती दूर नॉरिच शहरात. निवडणुकीत हरलेल्यांची एकच खुर्ची गेली होती. बाकीच्या सगळ्या जेथल्या तेथे होत्या.

पराभूतांचा सूड

त्या खुर्च्यांवरून पुढचे सारे घडले. पावसात भिजून, लांबून चालत आलेल्या मुलांचे कपडे वाळावेत म्हणून अ‍ॅनीबाईंनी शाळेत शेगडी पेटवली. व्यवस्थापकांची परवानगी घेतली नाही, असा ठपका आला. पुढे गावात एका कुटुंबाकडे सांभाळायला ठेवलेल्या दोन अनाथ मुलींना बाईंनी छड्या मारल्याचा आरोप ठेवण्यात आला. बाईंनी तो साफ नाकारला. व्यवस्थापकांशी उर्मटपणे वागल्याचा आरोपही जोडीला होता. चौकशी झाली, आणि शिक्षण समितीने दोघांनाही बडतर्फ केले. नोकरीबरोबर शाळेचे घरही सोडावे लागले. शिक्षकाचे घर हेही चाकरीचेच घर होते.

निःपक्षपातीपणे बोलायचे तर हिग्डन दांपत्य नमते घेणारे नव्हते, वरिष्ठांशी त्यांचे दोन्ही ठिकाणी खटके उडाले होते, आणि शिक्षकाने गावच्या राजकारणात पडू नये असे प्रामाणिकपणे मानणारे लोकही तेव्हा होते, आजही आहेत. त्यांना मी एवढेच विचारीन: रेक्टर ग्रामपरिषदेत बसत होते, शेतकरी शाळेच्या मंडळावर बसत होते, तेव्हा त्या बसण्याला राजकारण म्हणायचे कोणाला सुचले नाही. मजुराचा मुलगा त्याच बाकावर बसला तेव्हाच राजकारण सुरू झाले, हे कसे?

१ एप्रिल १९१४ रोजी नवे शिक्षक शाळेत हजर झाले. शाळेच्या ७२ मुलांपैकी ६६ मुले बाहेर आली आणि आपले शिक्षक परत द्या अशा अर्थाचे फलक घेऊन त्यांनी गावातून मिरवणूक काढली. पुढाकार घेणाऱ्यांत व्हायोलेट पॉटर ही विद्यार्थिनी होती. मुले शाळेत परत गेली नाहीत. हिग्डन दांपत्याने गावच्या हिरवळीवर वर्ग भरवला. ती जागा गावाची सामाईक होती. तेथून मुलांना उठवण्याची नोटीस कोणालाही काढता येत नव्हती. कुंपणांच्या शतकांतून वाचलेला जमिनीचा तेवढा तुकडा त्या दिवशी मजुरांच्या उपयोगी पडला.

मुलांना शाळेत पाठवत नाही म्हणून पालकांवर खटले झाले, डिसच्या न्यायालयाने दंड केले. दंडाची रक्कम वर्गणीतून भरली गेली. मुले शिकतच आहेत, फक्त दुसऱ्या शाळेत, हे स्पष्ट झाल्यावर खटल्यांचा जोर ओसरला. रेक्टरनी चर्चच्या जमिनीवरील काही कुळांना काढून टाकले. शेतकऱ्यांनीही मजुरांवर दडपण आणले. परंतु ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, तरुण सैन्यात गेले, शेतावर माणूस मिळेना, आणि मजुराला हाकलणे शेतकऱ्यालाच परवडेनासे झाले. या साऱ्या काळात सर्वांत खंबीर राहिल्या त्या आया. मुलांना रोज संपाच्या शाळेत पाठवायचे, न्यायालयाचे समन्स घ्यायचे, आणि नवऱ्याची नोकरी जाईल या भीतीसह दिवस काढायचे, हे त्यांनी केले.

हिरवळीवरून शाळा गावातील सुताराच्या कारखान्यात गेली. मग देशभरातील कामगार संघटनांनी वर्गणी दिली. खाणकामगार, रेल्वे कामगार, स्वतंत्र मजूर पक्षाच्या शाखा यांच्या पैशातून हिरवळीच्या कडेला शाळेची स्वतःची इमारत उभी राहिली. १३ मे १९१७ रोजी तिचे उद्घाटन झाले, आणि ते व्हायोलेट पॉटरच्या हस्ते झाले. दर्शनी भिंतीच्या दगडांवर देणगीदार संघटनांची नावे कोरलेली आहेत. ती शाळा १९३९ मध्ये टॉम हिग्डन यांच्या मृत्यूपर्यंत चालली. पंचवीस वर्षांचा संप, असे तिचे वर्णन केले जाते. इमारत आजही उभी आहे, आणि दर वर्षी सप्टेंबरात कामगार संघटनांचे लोक तेथे जमतात.

पुढे काय झाले

बर्स्टनच्या मजुरांना ज्या गोष्टींशी झगडावे लागले त्या एकेक करून बदलल्या, पण किती सावकाश! युद्धकाळात, १९१७ मध्ये, शेतमजुरांना कायद्याने आठवड्याला २५ शिलिंग किमान मजुरी मिळाली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ते संरक्षण काढून घेण्यात आले. १९२३ मध्ये नॉर्फोकच्या शेतमजुरांनी मोठा संप केला. पहिल्या मजूर सरकारने १९२४ मध्ये वेतन मंडळे पुन्हा आणली. ग्रामपरिषदेसाठी हात वर करण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर गेली. चाकरीच्या घरातील शेतमजुराला कायद्याचे संरक्षण मिळायला तर १९७६ साल उजाडावे लागले. गावात मत मिळाले १८९४ मध्ये, आणि ते मत देऊनही घर टिकेल याची हमी मिळाली ब्याऐंशी वर्षांनी.

मिळवलेले कायम टिकते असेही नाही. इंग्लंडमधील शेती वेतन मंडळ २०१३ मध्ये रद्द करण्यात आले. ग्रामीण जिल्हा परिषदा १९७४ च्या पुनर्रचनेत विसर्जित होऊन मोठ्या जिल्ह्यांत विलीन झाल्या. बर्स्टन दक्षिण नॉर्फोक जिल्ह्यात गेले. आता ते जिल्हेही मोडून त्याहून मोठ्या परिषदा करण्याचा आराखडा डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने मांडला, आणि त्या कारणाने मे २०२५ मध्ये व्हायची नॉर्फोक काउंटीची निवडणूक पुढे ढकलण्यात आली. कार्यक्षमतेची आणि काटकसरीची कारणे त्यासाठी दिली जातात. त्यांत तथ्य असेलही. पण परिषद जसजशी मोठी होते तसतशी ती मजुराच्या पायवाटेपासून दूर जाते. आणि खालच्या ग्रामपरिषदांत जागांइतकेच उमेदवार नसल्याने कित्येक ठिकाणी निवडणूकच होत नाही, रिकाम्या जागा स्वीकृत सभासदांनी भरल्या जातात. ज्या खुर्चीसाठी बर्स्टनच्या मजुरांनी घरे पणाला लावली, ती खुर्ची आज पुष्कळ गावांत रिकामी असते, कारण तिच्यात बसून करण्यासारखे फारसे काही ठेवलेलेच नाही.

आपण काय घ्यावे

मित्रहो, या कथेतून मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, निवडणूक लढवण्यापूर्वी गावातील खुर्च्यांची मोजदाद करावी. कोणत्या संस्थेत काय ठरते, जमीन कोणाकडे, घर कोणाचे, शाळेच्या मंडळावर कोण, कर्ज कोण देतो. बर्स्टनमध्ये एक खुर्ची जिंकली आणि चार खुर्च्यांवरून मार बसला. आपल्या गावांतही ग्रामपंचायत जिंकून सोसायटी, दूध संस्था आणि शिक्षण संस्था प्रतिपक्षाच्या हाती ठेवणारे कार्यकर्ते वर्षभरात हतबल होतात, हे आपण सारे जाणतो. निकालाच्या रात्री गुलाल उधळण्यात काही गैर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बाकीच्या खुर्च्यांची यादी हाती असली पाहिजे.

दुसरी, मतदाराला धीर देण्याचे काम भाषणाने पुरे होत नाही. तुमच्या बाजूने हात वर करणाऱ्याचे काम उद्या सुटले, तर त्याच्या चुलीची तजवीज तुम्ही केली आहे काय? बर्स्टनचे पालक टिकले, कारण दंड भरायला वर्गणी होती, वर्ग भरवायला सुताराचा कारखाना होता, आणि दूरच्या खाणीतला कामगार आपल्या मजुरीतून पेनी काढून देत होता. ज्याने बर्स्टन कधी पाहिले नाही, त्याच्या पैशाने त्या भिंती उभ्या राहिल्या. पक्षाच्या कार्यात एकजुटीचा अर्थ याहून निराळा नाही.

तिसरी गोष्ट, पराभवाबद्दल. काटेकोरपणे पाहिले तर हिग्डन दांपत्य हरले. त्यांना ती नोकरी पुन्हा कधी मिळाली नाही. रेक्टरविरुद्ध कोणी कारवाई केली नाही, शिक्षण समितीने आपला निर्णय फिरवला नाही. पण त्या गावातील मुलांनी पंचवीस वर्षे अशा शाळेत शिक्षण घेतले जिच्यातून त्यांना कोणी शेतावर ओढून नेऊ शकत नव्हते. मजुरांच्या मुलांना एवढे मिळवून देणारी निवडणूक वाया गेली असे मी तरी म्हणणार नाही.

मत हे मजुराच्या हातातील पहिले हत्यार आहे. ते वापरलेच पाहिजे, आणि ते वापरणाऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर सांभाळण्याची जबाबदारी आपली आहे. येत्या निवडणुकीच्या तयारीला आपण लागाल तेव्हा मतदारांच्या यादीशेजारी दुसरी एक यादी तयार करा: कोण कोणाच्या जागेत राहतो, कोण कोणाचे देणे लागतो. त्या दुसऱ्या यादीतील प्रत्येक नावापाठीमागे आपण उभे राहू शकलो, तर पहिल्या यादीची फारशी चिंता करावी लागणार नाही.